नमुना आठ

वरूडहून आलेल्या माणसाची खळ सांडली होती.
त्याने मूठभर कणीक माझ्याकडेच मागितली.
मीच शिजवून दिली, गरम.
दारावर नोटीस डकवत म्हणाला,
"साठ दिवस हायेत, वयनी. शिवा तोवर कपडे."

हद्दीपल्याड, पांढुर्ण्याला, बहीण असते माझी.
तिकडे घराचा पट्टा, इकडे नमुना आठ.
विचारलं, तिकडचा कायदा मऊ आहे का?
हसला. "कुलूप दोन्हीकडे अलिगडचंच."

नोटिशीत नाव एकट्या प्रल्हाद नेवारेंचं.
नमुन्यात मात्र दोघांचं;
ग्रामसेविकेने हट्टाने घातलेलं माझं,
ओळीबाहेर गेलेलं.

तो गेल्यावर कापडाचा निळा खडू घेतला.
कागदाखाली, लाकडावरच लिहिलं:
देवका नेवारे. मला विचारलं नाही.

दार ओलं होतं, अक्षर फुटलं.
पुन्हा गिरवलं.