तिरकी रेघ

वडगावातल्या मागांची खटखट
कॅफेत ऐकू येते, पंखा बंद पडला की.
इराण्णा सांगतो,
"कंस उघड, मार्की लिही, पुढं तुझा मजकूर.
आता बघ गे, कसं पळूलंय."

कुसुमनं डावीकडे काठ लावलाय,
बाबांनी विणलेल्या शहापुरी साडीचा,
स्कॅन करताना जरा वाकडाच आलेला.
तो जागचा हलत नाही.
अक्षरं उजवीकडून निघतात:
दादा, मस्कतात ऊन किती,
कुंदा पोचला का,
बाबांचा खोकला...
आणि काठाखाली शिरून दिसेनाशी होतात,
धोट्यासारखी,
फक्त परत येताना पुन्हा उजवीकडूनच.

"बंद कर की. तिरकी रेघ राहिली."
तिनं नाही घातली.
खाली तिचं नावही धावत सुटलं,
मागोमाग गावाचं,
जे इथं तिघं तीन तऱ्हेनं लिहितात.

अर्धा तास. दहा रुपये.