पासंग

कॅमेरावाला सोमवारी यायचा होता.
मी शनिवारीच शटरला रंग काढला.
आणि खारेगावहून स्कूटर घेऊन रेवती भोईर आली
तर तिच्याकडे कॅमेराच नाही.
चौकटीची वही. कानामागे पेन्सिल.

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस,
खारकर वजनकाटे, विक्री व दुरुस्ती.
मी एका दमात सांगून टाकलं:
आधी वरून ड्रोन,
मग बाबांचा हार घातलेला फोटो,
मग खुर्चीत मी, मागे प्रशस्तिपत्रकं,
सगळ्यावर सनई,
आणि सोनेरी अक्षरांत, विश्वासाची चाळीस वर्षं.

ती म्हणाली, "हे बघणार कोण?"
कोण म्हणजे? सगळे.
"सगळे म्हणजे कुणीच नाही, मावशी.
एक माणूस सांगा. नावानिशी."

मला राग आला.
रागातच दोन कटिंग मागवले
आणि चहा येईपर्यंत आठवू लागले
तर आठवला राबोडीचा शकूर भंगारवाला,
सकाळी साडेसहाला फोन करणारा:
मॅडम, काटा शून्यावर येत नाही.
आणि मी, दात घासता घासता:
शकूरभाई, पंखा बंद करा आधी.
खालचं टेबल डुगडुगतंय का बघा.
दहातले आठ काटे तेवढ्यावर बरे होतात.

पेन्सिल पहिल्यांदा हलली.

"हेच दाखवू. पंखा आणि टेबल."
अगं, मग दुरुस्तीला येणार कोण?
"पंखा बंद करायचे पैसे घेता शकूरभाईंकडून?"
नाही.
"मग?"
मग काही नाही. चहा आला.

तिने विचारलं, शकूर हे कुठे बघेल?
दुकानात, उभ्याने, समोर गिऱ्हाईक.
मोबाइलचा आवाज बंद.
तिने वहीत सनईवर काट मारली.
मला वाटलं दुखेल. तितकं दुखलं नाही.

पास्कलकाका मागे बसून ऐकत होते,
मांडीवर मखमलीची पेटी.
पितळी वजनं ते चिमट्यानेच उचलतात,
बोटांच्या घामालाही वजन असतं म्हणतात.
मार्चअखेर ते काम सोडणार,
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
"आपल्याला कॅमेऱ्यात तोंड नको, पोरी," ते म्हणाले.
तिने लिहिलं: तोंड नको. हात.
मग माझ्याकडे न बघता:
मार्चच्या आत, जमतील तेवढे हात.
कसं कळलं तिला?

दुपार तशीच गेली.
चाळीस सेकंदांत काय मावेल,
काय दुसऱ्यात जाईल, काय कधीच नाही,
बघून झाल्यावर शकूरने काय करायचं,
फोन, की नुसतं लक्षात ठेवायचं.
"नुसतं लक्षात ठेवलं तरी चालेल," ती म्हणाली.
हे मला पटायला अर्धा तास लागला.

माझा ड्रोन, माझी सोनेरी अक्षरं...
जुन्या तराजूच्या हलक्या पारड्याखाली
लोक लाखेचा गोळा चिकटवायचे, तसलंच काहीतरी.
बाबा तो नखाने खरवडून काढायचे
आणि मालकाच्या हातात द्यायचे, न बोलता.

बाबांचं काय मग? मी विचारलं.
फोटो नाही तर नाही,
पण दोन सेकंद तरी?
"ते बोलायचे काय, काटा हातात घेतल्यावर?"

आधी रिकामा बघ.
एवढंच. प्रत्येक वेळी, प्रत्येक काट्याला.

तिने ते पानाच्या अगदी वर लिहिलं,
बाकी सगळं खाली सरकवून.

संध्याकाळी कॅमेरावाल्याला फोन केला:
सोमवार नको, पुढच्या गुरुवारी ये.
का हो, काय अडलं?
काही नाही रे, म्हटलं,
अजून शून्यावर यायचंय.

पास्कलकाका हसले असावेत.
पंखा बंद होता, म्हणून ऐकू आलं.
शटरचा रंग मात्र बोटाला लागलाच.