काच निवडताना

नौफलने शिवलेला पहिला झगा पडद्याच्या कापडाचा.
तळघरात लग्न, वर तोफा चालू,
नवरी थरथरत उभी, आणि हा तोंडात टाचण्या धरून
म्हणतो कसा, "श्वास सोड, कंबर मोजायचीय."
शिलाई मिळाली अर्धं पोतं पीठ.
त्यातली चार मापं मला. मणी मी ओवले होते.

आता पॅरिसात त्याच्या नावाची पाटी आहे,
अत्तर आहे, चष्मे आहेत,
दुबईतल्या कुठल्याशा हॉटेलात उशांचे अभ्रेसुद्धा.
मी एकदाच गेले तिकडे.
पडद्यामागे गुडघ्यांवर, एका उंच पोरीच्या घेराशी.
टाळ्या ऐकल्या त्या कापडातून गाळून आलेल्या.

फोन येतो अधूनमधून बुर्ज हम्मूदला:
"अर्शालुइस, तुझा दुहेरी टाका इथल्या मुलींना जमत नाही."
"वीज गेली की जमेल," मी म्हणते.

बंदर फुटलं त्या संध्याकाळी
खिडक्या आत आल्या.
वर्षभराचे मणी जमिनीवर, काचेत काच.
विमानातून उतरून तो थेट आला,
महागडे बूट दाराशी काढून माझ्यासमोर फतकल मारून बसला.
वाटलं, बोलेल आता देशाबद्दल,
वर्तमानपत्रांशी बोलतो तसं.
तो मसूर निवडावेत तसा निवडत राहिला.

"बघू नकोस," मी म्हटलं, "बोटाला विचार.
चावली तर खिडकी."

रात्रीपर्यंत एक वाटी भरली.
त्यातले दोन-तीन त्याच्या बोटाने लाल केलेले.
ते मी धुतले नाहीत.
हिवाळ्यात कुण्या श्रीमंतिणीच्या
डाव्या खांद्यावर गेले.