मंगळवारची रजा

रजेच्या अर्जावर कारण लिहायचं होतं.
आधी "नदी" लिहिलं, मग खोडलं,
"घरगुती" केलं.
साहेबांनी न वाचता सही ठोकली.

बावतीसमामा निवृत्त झाला त्याला दोन वर्षं.
एकोणीस वर्षं एकाच मार्गावर होतो आम्ही,
तो पुढे, मी मागे,
मधे माणसं.
आमचं बोलणं म्हणजे छताची दोरी:
एक टण् थांब,
दोन टण् चल.
त्यामुळे आता समोरासमोर बसून
बेत करताना
दोघांनाही जरा अवघडतं.

बेत असा:
वांगणीच्या पुढे पहाटे उल्हासमध्ये उतरायचं,
ट्यूबांवर बसायचं
आणि नदी नेईल तसं
बदलापूरच्या बंधाऱ्यापर्यंत.
वाटेत डोह लागला की गरी टाकायची.
वसंत उतरणीला लागलाय, करवंदं काळी पडायला आलीत,
पाणी म्हणजे आता
वरचं वीजघर सोडेल तेवढंच.

कधी सोडतं?
तीन ठिकाणी फोन केले.
तिसऱ्याने विचारलं, "आपण कोण?"
"प्रवासी," म्हटलं मी,
आयुष्यात पहिल्यांदा.

ट्यूबा मिळेनात. हल्ली सगळे टायर ट्यूबलेस.
मामाने कुर्ल्याचं भंगार पालथं घातलं,
ट्रकच्या दोन आणल्या, एकीला सात ठिगळं.
ठिगळांची स्वतःकडे ठेवली,
"माझं वजन कमी," म्हणाला.
(नाहीये.)
मग हळूच,
"कुंदे, हिला वळवायचं कसं?"
नाही वळत, मामा.
"ब्रेक?"
पाय खाली टेकवायचे.
बराच वेळ गप्प बसला,
हात मांड्यांवर, दहा वाजून दहा मिनिटांच्या जागी,
मिस्साला बसतो तेव्हाही तिथेच असतात म्हणे.

गळाला वजन हवं होतं.
माझ्या जुन्या चामडी पिशवीच्या तळाशी
चार आण्यांची नाणी निघाली, अकरा.
कुणी घेत नाही ती आता.
घ्यायचे तेव्हाही भांडूनच घ्यायचे.
खिळ्याने भोकं पाडली.
तरंगा म्हणून तुटक्या स्लिपरचा तुकडा,
आमिषाला कणीक, त्यात हिंगाची चिमूट.
शेजारची फिलू म्हणते, मरळ कणकेला हुंगतसुद्धा नाही,
तिला जिता बेडूक लागतो.
बेडूक कोण धरणार?
मामाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.
खवल्या तर खवल्या.

रविवारी ट्यूब तपासायला घरातच फुगवली,
सायकलच्या पंपाने, आळीपाळीने, पाऊण तास.
फुगली.
आणि दारातून बाहेर जाईना.
कॉट उभी केली, शिलाई मशीन मोरीत ढकललं,
आडवी, तिरकी, उभी,
नाहीच.
मग मामा तिच्यात बसला,
पाय बाहेर, टाचा अधांतरी,
चौथा मजला, पंखा तीनवर.
डोळे मिटून म्हणाला, "कुठे आलो?"
त्या नदीवर काय काय येतं मला ठाऊक नाही,
थांब्यांचा तक्ता कुणी लावलेला नाही तिथे.
तरी म्हटलं, "वळण. डावीकडे उंबर.
बाया गोधड्या धुतायत."
"मग?"
"मग काही नाही. नुसतं पाणी."
"थांबव जरा इथे."
माझा हात
छताकडे गेला, दोरी शोधत.

आता डबा ठरवायचाय.
सुकट नको, माशाच्या दारात काय सुकट न्यायची.
पाणी किती वाजता सुटतं ते अजून कळलेलं नाही.
आणि फिलूच्या पोराकडून
लाइफ जॅकेट मागून आणायचंय एक,
जाडं, छातीला पट्टे असलेलं.
मामाला पोहता येत नाही
हे काल कळलं.
जन्म वसईचा.
एकोणीस वर्षांत
विषयच निघाला नव्हता.