एक बोट सैल

रुवीच्या मागच्या गल्लीत
एकवीस वर्षं दिशदाशा शिवतोय.
गळे पाठ आहेत :
साडेपंधरा, सोळा, हमूद शेठचा सतरा.

माझा गळा डॉक्टरीणबाईंनी शिवला.
टाके बारीक. मला जमले नसते.
आतली ग्रंथी गेली.

दर तीन महिन्यांनी लीजी सिस्टर
दंडाला रबर आवळते, नळी भरते.
थायरोग्लोब्युलिन.
जीभ अडखळते, म्हणून मी त्याला उधारी म्हणतो.
दुकान उठलं, तरी वहीत
कुणाच्या तरी नावावर रक्कम दिसतेच.

मार्चात दोन. जूनमध्ये सव्वादोन.
बाई म्हणाल्या, आकड्याला नाही, वेगाला भ्यायचं.
दुप्पट व्हायला वर्षं लागली तर दुखणं आळशी.
महिने लागले तर...
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

आज सप्टेंबरचा रिपोर्ट.
गुहागरला सांगून ठेवलंय, बीपी तपासतात.

गिऱ्हाईक म्हणतं, फुराखा जरा लांब ठेव,
अत्तरात बुडवायचाय.
मी टेप त्याच्या गळ्याभोवती धरतो,
आत एक बोट घालून.
गिळताना जागा लागते माणसाला.

खिशात फोन थरथरतो.
आधी माप लिहून घेतो.