सराईची वही

बोरीच्या काठी आमची सराई. कमानी बावीस.
एकविसावी पडली त्या वर्षी मला खजिनदार केलं,
म्हणजे वही दिली. पैसे नव्हतेच.

पहिलं पान: सिमेंट, अकरा गोण्या.
तीच चूक.
मायेनं लिंपलं होतं हो,
झेंडावंदनाला समोर उभं राहून फोटो काढला.
पुढच्या उन्हाळ्यात दगडाला मीठ फुटलं,
पापुद्रे सुटले,
भिंत आतल्या आत घामेजत राहिली.

लोटन मिस्तरीनं सायकल टेकवली,
नख खुपसलं, जिभेला लावलं, थुंकला.
"हाई भित शे भाऊ, पेटी नही.
तिले दम लेऊ द्या."

दुसरं पान: छिन्न्या, आठ. मजुरी, शून्य.
आम्हीच लावलेलं आम्हीच खरवडलं,
जखमेला चिकटलेली पट्टी सोडवावी तसं, फुंकर घालत.
मी, पंक्चरवाला मुश्ताक पिंजारी, बडगुजर कंपाउंडर,
आणि त्याची नात, सुतळीनं कमानी मोजणारी.

तिसरं पान:
कळीचा चुना. नदीची वाळू. गूळ, दोन भेल्या.
बेलफळं, हिरडा, उडदाची डाळ सहा किलो.
किराणावाला म्हणाला,
सराई बांधताय की बाळंतिणीचे लाडू?

घाणीला बैल मिळेना. ट्रॅक्टर जुंपला,
तर घाणीचंच चाक निखळलं.
मग माणसं.

नळाला पाणी पाचव्या दिवशी,
चुन्याला दिवसातून तीनदा.
मे महिन्यात भिंतीवर ओली पोती टांगली,
आणि घरी बायको म्हणाली, मलाही एक टांगा.

नगरपालिकेचा माणूस आला. धोकादायक इमारत,
इथे चाळीस गाळे निघतील.
त्यानं नोटीस चिकटवली.
ओल्या चुन्यावर खळ धरत नाही;
संध्याकाळी कागद खाली, शेळीच्या तोंडात.
दुसरी नोटीस पोस्टानं आली. तारीख पडली आहे.

एकविसावी अजून आडवीच.
तिचे दगड आकडे घालून पटांगणात मांडलेत.
चावीचा दगड तेवढा नाही.
गावात कुणाच्या तरी दारात पायरी झाला असेल,
म्हणून आळीआळीत विचारत फिरतो,
लोक आधी कुलूप पाहतात, मग मला.

काल धुरपताबाईंनी हातगाडीवर
आपल्या न्हाणीतला दगड उपटून आणला.
साबणाचा वास येत होता त्याला.
"पहा ना, हाऊच शे का?"

सुतळी लावली.
चार बोटं कमी.

परत नेईनात.
वहीत लिहिलं: जमा, दगड, एक.