उलट बाजूचं नाव

हडर्सफील्डला जानेवारीत चारलाच दिवे लागतात.
खाली गालिच्यांचं दुकान, वर आम्ही:
बॉयलर दुरुस्ती, तीन व्हॅन, अकरा हजार ग्राहक,
आणि त्यांची नाती लावायला मी एकटी.

कीथ म्हणाला, सोपं आहे,
कोण कुणाचं कोण, एवढंच भरायचं.

पण सॉफ्टवेअर एकेका नात्याची दोन नावं मागतं,
इकडून एक, तिकडून एक, दोन्हींवर लाल चांदणी.
इकडून घरमालक, तर तिकडून भाडेकरू.
शेजारी मात्र दोन्हीकडून शेजारी,
कुंपणावरून वाजलं नसेल तोवर.

मार्सडनच्या बेरिल हेगबाईंच्या नोंदीत कुणी लिहून ठेवलंय:
बेल ऐकू येत नाही. टोनीकडे किल्ली.
टोनी क्राउदर, चार दारं सोडून, तोही आमचाच ग्राहक.
यादीत असलं नातं नव्हतं. मी घातलं,
'किल्ली सांभाळणारा'.
आणि तिकडून?
'जिची किल्ली माझ्याकडे असते'.
चाळीस अक्षरांची मर्यादा. मावलं.

अर्नेस्ट हेग, पती. ऑक्टोबरात वारले.
पुसायला गेले तर खिडकी उघडली:
या नोंदीवर अवलंबून असलेल्या सतरा नोंदी
सोबत पुसल्या जातील.
सतरा भेटी. 'पंप बदलला.'
'व्हॉल्व्ह गळतोय, पुन्हा यावं लागेल.'
'पंप पुन्हा बदलला, म्हाताऱ्यांनी टॉर्च धरला.'
मी रद्द दाबलं.
फक्त शेवटची तारीख भरली.
नातं करडं झालं, पण जागचं हललं नाही.

मग, चाचणी म्हणून,
नोंद एक: मी. नोंद दोन: कुमुदिनी, कराड.
त्यांच्या मुलाची आणि माझी शेवटची तारीख
लीड्सच्या कोर्टात पडून सहा वर्षं झाली.
दर रविवारी फोन येतो तो त्यांचा.
गिझरची ज्योत धरत नाही गं,
तू त्यातलीच ना, सांग काय करू.
मी सांगते. बटण दाबून ठेवा, वीस आकडे मोजा.
त्या मोठ्यानं मोजतात, मी ऐकते.

साडूला शब्द आहे आपल्यात, विहिणीला आहे,
जावेच्या भावालासुद्धा ओढूनताणून काहीतरी म्हणता येतं.
ह्याला नाही.

शेजारणीला सांगताना एकदा ऐकलं होतं,
रिसीव्हरवर हात नीट बसला नव्हता:
आमच्या तिकडचीचा फोन आहे.

उलट बाजूच्या रकान्यात तेच टाईप केलं, मराठीतून.
पडद्यावर पाच प्रश्नचिन्हं उमटली.
कीथ कोट चढवत विचारतोय,
ती टेस्टची नोंद उडवायची ना?
अठरा, मी म्हणतेय मनात. एकोणीस.